शिकणे आणि शकणे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या असे लोकांना वाटते. आम्ही यावेळी एका शब्दाचा इतिहास लिहायचे ठरवले. शब्द अगदी साधा, चहा-भाकरीइतका रोजचा : शिकणे.

त्याला कारण असे घडले. गेल्या वर्षावासात विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके दिवशी वंदना आटोपल्यावर एका वयस्कर आईने आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, “भाऊ, पाचही शीलांच्या शेवटी आपण सिक्खापदं, सिक्खापदं म्हणतो. म्हणजे शिक्षाच ना ती? मग माझा पोरगा इथं हात जोडून पाचवं शील घेतो आणि रात्री पिऊन येतो, त्याला शिक्षा करायची कुणी?”

प्रश्न ऐकून आम्ही गडबडलो. इतकी वर्षे वंदना म्हणतो, पण त्या शब्दाला असा हात कधी घातला नव्हता. “उद्या सांगतो” असे म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या यायला दोन महिने लागले. सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून पालीचे, संस्कृतचे आणि मराठीचे कोश चाळले. आम्ही गिरणीतला माणूस, भाषापंडित नव्हे. पण सुताचा धागा कुठून तुटला आणि कुठे जोडला हे पाहायची नजर आम्हाला आहे, आणि शब्दाचा धागाही काही निराळा नसतो.

आधी शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात ‘शिक्ष्’, पालीत ‘सिक्खति’, मराठीत ‘शिकणे’. हिंदीत ‘सीखना’, गुजरातीत ‘शीखवुं’, बंगालीत ‘शेखा’. सगळ्यांकडे ख आहे, एकट्या मराठीकडे क. असे का? तर मराठीला ही खोडच आहे. हिंदीवाला ‘भूख’ म्हणतो, आपण भूक म्हणतो. तो ‘भीख’ म्हणतो, आपण भीक. म्हणजे संस्कृत ‘क्ष’चा लोकांच्या बोलीत ‘क्ख’ झाला आणि मराठीने पुढे त्यातला हकार गाळून नुसता क ठेवला. (राखणे या शब्दाने मात्र आपला ख राखला आहे. भाषेत नियम असतात तसे हट्टी लोकही असतात.)

ही भूक, भीक, शिक अशी तीन भावंडे आम्ही मुद्दाम एका ओळीत घेतली. त्यांचे नाते नुसत्या आवाजाचे नाही. संस्कृतात धातूला एक रूप असते, त्याला इच्छार्थक म्हणतात. एखादी गोष्ट करावीशी वाटणे, असा त्याचा अर्थ. ‘भुज्’ म्हणजे खाणे, त्याचे इच्छार्थक ‘बुभुक्षा’, खावेसे वाटणे. तीच आपली भूक. ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा देणे-घेणे, त्यावरून ‘भिक्ष्’, आपला वाटा मिळावा असे वाटणे. तीच आपली भीक, आणि त्यावरूनच भिक्खू. आता तिसरे. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे, एखादी गोष्ट करता येणे. त्याचे इच्छार्थक ‘शिक्ष्’. म्हणजे मला हे करता यावे, मी समर्थ व्हावे, असे वाटणे. तेच आपले शिकणे.

कोशात हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो. पोटाला अन्न हवे, समाजात वाटा हवा आणि हाताला-डोक्याला सामर्थ्य हवे. तिन्ही शब्द हवेपणाचे आहेत. आपल्या आजा-पणजांना गावकीत पहिल्या दोन गोष्टींचा पुरेपूर अनुभव होता. भाकरी मागून आणणे हे महाराचे काम आणि तोच त्याचा हक्क, असे गाव समजत होते. तो वाटा होता की भीक, हा वाद १९५८ साली कायद्याने महार वतन गेले तेव्हा संपला. तिसरी गोष्ट मात्र मागायचीसुद्धा बंदी होती.

शक् धातूचे दुसरे लेकरूही आपल्या घरात आहे : ‘शकणे’. करू शकतो, जाऊ शकते, यातले. शक्ती, शक्य हे त्याच घरातले. ‘मी शिकू शकतो’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच धातू एका वाक्यात दोनदा बोलतो, बरं का. दीघनिकायातल्या अम्बट्ठ सुत्तात शाक्य कुळाच्या नावाचा संबंधही याच शब्दाशी लावला आहे. ओक्काक राजाने देशोधडीला लावलेली मुले हिमालयाच्या बाजूला आपल्या पायांवर उभी राहिली, तेव्हा राजा त्यांना ‘सक्या’, म्हणजे समर्थ म्हणाला, अशी ती कथा. त्या कथेत साक नावाच्या झाडाचाही संबंध येतो, आणि तिच्यात कुळाचा अभिमानही पुष्कळ आहे. व्युत्पत्ती म्हणून आम्ही तिच्यावर फार भार टाकत नाही. पण त्या काळच्या लोकांच्या कानाला हा शब्द कसा ऐकू येत होता, हे तिच्यावरून कळते.

(जाता जाता एक सावधगिरी. शिकस्त, शिकार, शिक्का हे शब्द दिसायला जवळचे, पण फारसी-अरबीकडून आलेले. त्यांचा शिकण्याशी काही संबंध नाही. शिकेकाईचा तर नाहीच.)

आता हा शब्द कोणाच्या हातात कसा वापरला गेला ते पाहू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक सूक्त बेडकांवर आहे, १०३ वे. पावसाला सुरुवात झाली की एक बेडूक ओरडतो आणि दुसरा त्याचा आवाज उचलतो, जसा शिकणारा गुरूचे बोल मागून म्हणतो, अशी तिथे उपमा आहे. गंमत पाहा, त्यात गुरूला ‘शाक्त’ म्हटले आहे, म्हणजे ज्याला येते तो. आणि शिष्याला ‘शिक्षमाण’, म्हणजे ज्याला यावेसे वाटते तो. शब्दाचे मूळ तिथे स्वच्छ दिसते. पण शिकण्याची रीत कोणती? ऐकायचे आणि तसेच्या तसे म्हणायचे. पुढे सहा वेदांगांमध्ये ‘शिक्षा’ नावाचे एक अंग झाले, ते उच्चाराचे शास्त्र. स्वर कुठे उंच, कुठे खाली, अक्षर तोंडात कुठून काढायचे, याचा त्यात विचार आहे. शास्त्र म्हणून ते बारीक आणि मोठे काम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण समर्थ होण्याची इच्छा हा एवढा मोठा अर्थ उच्चाराच्या खोलीत जाऊन बसला, आणि त्या खोलीला कुलूप होते. गौतम धर्मसूत्रात सांगितले आहे की शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात कथील किंवा लाख वितळवून ओतावी.

म्हणजे एकाला ‘शिक्षा’ हे वेदांग आणि दुसऱ्याला शिक्षा हा दंड. मराठीत शिक्षा म्हणजे दंड हा अर्थ यातूनच आला, असे भाषणात म्हटले तर टाळ्या मिळतील. पण ते खरे नाही आणि आम्ही तसे म्हणणार नाही. शिकवण्यातून धाक आणि धाकातून मार, अशी ती साधी घसरण आहे. ‘थांब, तुला चांगला शिकवतो’ असे बाप म्हणतो तेव्हा तो काही पाढे शिकवणार नसतो. ‘धडा शिकवला’ यातला धडा पुस्तकातला नाही. हिंदीत ही घसरण झाली नाही, तिथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षणच राहिले. चाकणला आमच्या ओळखीच्या कारखान्यात बिहारकडचा एक कामगार कँटीनमध्ये म्हणाला, “बच्चों की शिक्षा के लिए गाँव पैसा भेजना है.” आपला मराठी पोरगा घाबरून विचारतो, “पोरांनी केलं काय?”

त्या आईचा घोटाळा नेमका इथेच झाला होता. पालीतली सिक्खा तिने मराठीतली शिक्षा समजून ऐकली.

तथागतांनी हा शब्द कसा वापरला ते आता पाहू. धम्मात सिक्खा तीन : शीलाची, चित्ताची आणि प्रज्ञेची. यात पाठांतराला जागा आहे, पण पाठांतर म्हणजे सिक्खा नव्हे. आनापानसतीमध्ये श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यांत सुरुवातीला ‘जाणतो’ हे क्रियापद येते आणि पुढच्या पायऱ्यांना ‘सिक्खति’ येते. तिथे त्याचा अर्थ सराव करतो, स्वतःला घडवतो असाच होतो. श्वास काही पुस्तकात वाचून घेता येत नाही. पोहणे, सायकल, लेथ, यांच्या बाबतीत आपण शिकणे म्हणतो, तोच हा अर्थ.

सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल, किंवा शिकण्याचे कलम म्हणा. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे. ‘समादियामि’ म्हणजे मी आपल्यावर घेतो, घेते. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. वरून कोणी ‘चोरी करू नकोस’ असे बजावत नाही. घेणारा स्वतः म्हणतो, की यापासून दूर राहायला मी शिकणार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिसरण-पंचशील घेतले, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या मैदानावरच्या बहुतेक लोकांनी त्या दिवशी शिकण्याचे क्रियापद आयुष्यात पहिल्यांदा प्रथमपुरुषात उच्चारले असेल. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांचे कामही केले होते. त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते १९९८ साली छापून आले. हा खंड आपल्या विहाराच्या कपाटात असायला पाहिजे.

भिक्खूंच्या पातिमोक्खात ७५ सेखिय नियम आहेत. सेखिय म्हणजे शिकण्यासारखे. त्यांत चीवर नीट नेसावे, घास तोंडात असताना बोलू नये, असे नियम आहेत. जेवताना ‘चपुचपु’ आणि पिताना ‘सुरुसुरु’ आवाज करू नये, असेही आहे. शब्द आमचे नाहीत, पालीतलेच आहेत. बालसंस्कार वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मुले हसून लोळली, आणि त्या दिवशीच्या खिरीला एकही भुरका ऐकू आला नाही. या सगळ्या नियमांच्या शेवटी असे म्हटले आहे, की ही गोष्ट शिकायची आहे.

आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. मार्गाला लागलेला पण अजून अर्हत न झालेला तो ‘सेख’, शिकत असलेला. अर्हत तो ‘असेख’, म्हणजे ज्याचे शिकणे पुरे झाले. मराठीत अशिक्षित म्हणजे ज्याचे शिकणे सुरूच झाले नाही तो. त्याच अ-ने एका भाषेत माणूस सर्वांत वर नेला आणि दुसरीत सर्वांत खाली ठेवला. भिक्खुणी होण्याआधी दोन वर्षे तयारी करणाऱ्या स्त्रीला ‘सिक्खमाना’ म्हणत. बेडकांच्या सूक्तातला शिक्षमाण आणि ही सिक्खमाना, शब्द तोच. फरक इतकाच की इथे ती बाई आहे.

ही गोष्ट फार लांबची नाही. घोरावाडी स्टेशनजवळ शेलारवाडीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण लोकलने त्यांच्या खालून रोज जातात. तिथल्या एका ब्राह्मी लेखात सिंह नावाच्या स्थविरांच्या एका शिष्येचा उल्लेख आहे, घरदार सोडून प्रव्रज्या घेतलेल्या. शब्द आहे ‘अतेवासिनी’, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारी. दुसऱ्या लेखात एका नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या बायकोने लेणे दान दिल्याची नोंद आहे. भारतात मुलींची शाळा म्हटली की आपण १८४८ सालच्या भिडेवाड्यापासून सुरुवात करतो, आणि जोतिराव-सावित्रीबाईंचा तो मान कायमच राहील. पण त्यांच्याआधी कित्येक शतके याच मावळात शिकणारी बाई होती आणि तिची नोंद दगडात झाली होती. मधल्या काळात काय झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. याच डोंगरापासून जवळ देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली, ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, गिरणीकडे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या लोकांना विणाईच्या खात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त. कारण काय दाखवायचे, तर धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? म्हणून आपले लोक कताईच्या खात्यात राहिले. हे मालकाने केले आणि सोबतच्या कामगारांनीही केले, दोन्ही सांगायला हवे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला. विणकाम ही काही शाळेत शिकायची गोष्ट नव्हती. ते मागाशेजारी उभे राहून, जुन्या माणसाचा हात बघत शिकायचे काम. मागाजवळ उभेच राहू दिले नाही, तर शिकणार कसे आणि शिकला नाही तर ‘यांना येत नाही’ म्हणायला सगळे मोकळे. शकणे आणि शिकणे यांचे नाते आम्हाला कोशापेक्षा इथे जास्त समजले.

याच जागी त्या घोषवाक्याबद्दल बोलले पाहिजे. आपल्या प्रत्येक कमानीवर ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे लिहिलेले असते. नागपूरला १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली, तिथे बाबासाहेबांचे शब्द इंग्रजीत होते : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. हे शब्द त्याआधी लंडनमध्ये १८८० च्या दशकात समाजवादी कामगार चळवळीतही वापरात होते. त्यांचा सरळ अर्थ शिकवा, चेतवा, संघटित करा. मराठीत येताना दोन गोष्टी झाल्या. क्रम फिरला, दुसरा शब्द तिसरा झाला. आणि शिकवा होते त्याचे शिका झाले. क्रमाबद्दल विद्वान वाद घालतात, घालू द्या. आम्हाला दुसरा बदल जास्त टोचतो. ‘शिका’ म्हटले की प्रत्येकाने आपापले शिकायचे, नोकरी लागली की बंगला बांधून रावेतला नाहीतर वाकडला राहायला जायचे. ‘शिकवा’ म्हटले की शेजारच्या पोराची वही आपल्याला उघडावी लागते. मराठीत एका ‘व’चा फरक आहे, पण त्या ‘व’ने माणूस एकटा राहत नाही. जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे मागितले, तेव्हा ते शिकवणाऱ्याच्या बाजूने, सरकारच्या जबाबदारीबद्दल बोलत होते.

आमचे म्हणणे सगळ्यांना पटेल असे नाही. विहाराच्या कमानीवर पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा कमिटीत यावरून दोन तास गेले. शेवटी जुनीच ओळ राहिली, कारण लोकांच्या तोंडी तीच आहे. आमचा विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे.

आता आपल्या पट्ट्यातला शेवटचा शब्द : शिकाऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि भोसरी-आकुर्डी-चिंचवडपासून पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. आपली पहिली पिढी इथे हेल्पर म्हणून शिरली आणि मशिनजवळ उभे राहून फिटर, टर्नर झाली. गिरणीने जे दिले नव्हते ते इथे मिळाले, हे कबूल केले पाहिजे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने पोरांना आयटीआयनंतर कारखान्यात शिकायची वाटही झाली. पण त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात लिहिले आहे, की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत.

आमच्या वस्तीतला एक मुलगा तीन वर्षे एका कारखान्यात शिकाऊ होता. पहिल्या दोन महिन्यांत त्याला मशिन आले. उरलेले चौतीस महिने तो काय शिकत होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. मुदत संपल्यावर त्याला घरी पाठवले. दुसऱ्या महिन्यात तो दुसऱ्या गेटवर, दुसऱ्या ठेकेदाराकडे, पुन्हा शिकाऊ. मधल्या काळात नवीन आलेल्या सहा पोरांना मशिन त्यानेच दाखवले होते. शिकवतो तो शिकाऊ कसा, असे आम्ही मीटिंगमध्ये विचारले. उत्तर आले, कागदावर तसे आहे. ऋग्वेदाच्या भाषेत ज्याला येते तो शाक्त आणि ज्याला यावेसे वाटते तो शिक्षमाण. ज्याला येते त्याला शिक्षमाण म्हणून कमी पगारात राबवायची सोय त्या भाषेत नव्हती.

हे सगळे त्या आईला सांगायला दोन संध्याकाळी लागल्या. बेडकांचे आणि लंडनचे तिने सोडून दिले. एवढेच विचारले, “म्हणजे शील मोडलं तर?” आम्ही म्हणालो, शिक्षा नाही, पुन्हा घ्यायचे. सायकलवरून पडलेले पोर पुन्हा बसते तसे. त्रिसरण-पंचशील रोज का घेतात, त्याचे कारण हेच असावे. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मी त्याला आठ वर्षं खोटारडा म्हणते भाऊ. शील घेऊन पितो म्हणून.”

पुढच्या रविवारी ती मुलाला घेऊन आली. तो शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी आला नाही. चौथ्या रविवारी वंदना सुरू झाल्यावर उशिरा आला, चपला काढून आत शिरला आणि पाचव्या शिलाला त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.